कृष्णाकाठचा जपान

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील माणसाची जपानशी ओळख तीन मार्गांनी होते : शाळेचे स्नेहसंमेलन, कुस्तीची तालीम आणि सहल कंपनी. पहिला मार्ग सर्वांत स्वस्त, दुसरा सर्वांत कष्टाचा आणि तिसरा हप्त्यांवर उपलब्ध आहे. वाट कोणतीही धरली तरी पुढे भेटणारी मंडळी ठरलेली असतात : किमोनो, सुमो, काबुकी, चहाचा विधी, चेरीचा बहर आणि फुजी पर्वत. जगभरच्या पाहुण्यांना ही सगळी मंडळी गूढ आणि गहन वाटतात. कृष्णाकाठचा माणूस मात्र त्यांच्यासमोर थोडा वेळ उभा राहतो आणि ‘हे आपल्याकडं पण असतंय’ असे जाहीर करतो. हे विधान आगाऊ आहे. परंतु तपासून पाहिल्यास बरेचसे खरे निघते.

स्नेहसंमेलनातील जपानचा उगम १९६६ सालच्या ‘लव्ह इन टोकियो’ या हिंदी चित्रपटात आहे. त्यातले ‘सायोनारा’चे गाणे लता मंगेशकर यांच्या आवाजात आहे. लताबाईंच्या बालपणाची काही वर्षे वडील मास्टर दीनानाथ यांच्या बिऱ्हाडासह सांगलीत गेली, त्यामुळे जपानचा निरोप घेणारा हा आवाजही सांगलीकर आपल्याच खात्यावर जमा करतात. याच चित्रपटाने महाराष्ट्रातल्या दोन वेण्यांना ‘लव्ह इन टोकियो’ नावाची वस्तू दिली. रबराच्या फासाला दोन रंगीत मणी, एवढाच तिचा थाट. टोकियोतल्या दुकानात ती याच नावाने मागितल्यास विक्रेत्याचा गैरसमज होण्याचा संभव आहे.

स्नेहसंमेलनाचा किमोनो आईच्या गाऊनपासून किंवा जुन्या रेशमी साडीपासून तयार होतो. कमरेला ओढणीचा रुंद पट्टा, अंबाड्यात स्वेटर विणायच्या सुया, हातात जत्रेतला पंखा आणि चेहऱ्यावर पावडरचा डबा संपेपर्यंत थर. बाईंचे लक्ष पावलांकडे असते. पदर कोणता वर आणि कोणता खाली, याकडे नसते. किमोनोचा मात्र या बाबतीत एक कडक नियम आहे. नेसणाऱ्याची डावी बाजू उजवीवर यायला हवी. उजवी डावीवर घेतली जाते ती फक्त मृतदेहाला नेसवताना. त्यामुळे कित्येक स्नेहसंमेलनांत सातवी ‘ब’च्या मुली मयताच्या पोशाखात हसत हसत पालकांना हात हलवत असतात. गाणे निरोपाचेच असल्यामुळे प्रसंगाला कोठेही बाधा येत नाही.

खऱ्या किमोनोशी गाठ पडते ती क्योतोत. तेथे किमोनो दिवसभरासाठी भाड्याने मिळतो आणि तो नेसवायला अनुभवी बाई असते. सांगलीच्या काकूंनी घरात नऊवारी पाहिलेली असते. नऊ वार कापड, त्याला ना बटण ना नाडी. तरी त्यात भांगलण करता येते, विहिरीतून पाणी शेंदता येते आणि वेळ पडल्यास एखाद्याच्या मागे धावताही येते. किमोनोत दोऱ्या, पट्टे आणि वरून ओबी नावाची लांबलचक पट्टी असा बंदोबस्त झाल्यावर वीतभर पाऊल पडते आणि मोठा श्वास घ्यायचा राहून जातो. आरशात पाहून काकू खूश होतात. देवळाच्या पायऱ्या दिसल्यावर गंभीर होतात.

क्योतोच्या गिऑन पेठेत संध्याकाळी खऱ्या गेइको, म्हणजे गेइशा, आणि त्यांच्या शिकाऊ माइको कामावर निघतात. त्यांच्यामागे फोन उगारून पळणाऱ्या पाहुण्यांचा त्रास इतका वाढला की २०२४ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना मज्जाव झाला आणि दहा हजार येन दंडाची पाटी लागली. गेइशा म्हणजे नाच, गाणे, शामिसेनवादन आणि बोलण्याची कला यांची वर्षानुवर्षे तालीम घेतलेली कलावंत. तिच्याविषयी बाहेरच्यांनी नको ते समज करून घेतले आणि ते तिच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध झाले. लावणी कलावंतांना हा अनुभव नवा नाही. शामिसेनला तीन तारा असतात, तुणतुण्याला एक; लोकांच्या तोंडाला लगाम मात्र दोन्हीकडे नाही.

दुसरा मार्ग तालमीतून जातो. त्या मार्गाने गेलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांची गाठ शोहाची इशिई या जपानी मल्लाशी पडली. इशिई मूळचे ज्युदोचे. युद्धानंतर अमेरिकी अंमलात ज्युदोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले होते. म्हणजे जपानी परंपरेचे हे दर्शन सातारा जिल्ह्याने थेट अंगावर घेतले. इशिईंशी झालेली दीर्घ लढत हरल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी खेळावे लागले. दोन लढतींमध्ये विश्रांती देण्याचा नियम होता. तो पुढे करायला भारतीय पथकाचा अधिकारी जागेवर नव्हता. अधिकारी जागेवर नसण्याची परंपरा आपल्याकडेही जपलेली आहे, हे यावरून दिसते. इशिईंना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जपानला त्या ऑलिम्पिकमध्ये एकच सुवर्णपदक मिळाले, ते इशिईंचे. तेव्हा खाशाबा हरले ते जपानच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम माणसाशी, असे कराडात सांगितले जाते आणि ते हिशेबाने बरोबर आहे. घरी परतल्यावर त्यांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

ही पूर्वपीठिका असलेला माणूस टोकियोच्या कोकुगिकानमध्ये सुमो पाहायला बसतो तेव्हा त्याला प्रास्ताविकाची गरज नसते. बसण्याची सोय पाहून तो निम्मा जिंकला जातो : चार जणांचा चौकोनी कप्पा, जमिनीवर गाद्या आणि मांडी घालायची मुभा. समोर मातीचा उंच ओटा आणि त्यावर ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ. वर्तुळाबाहेर पाऊल पडले किंवा तळपायाखेरीज अंगाचा कोणताही भाग मातीला लागला की हार. वजनी गट नाहीत. डाव जिंकण्याचे ८२ अधिकृत प्रकार आहेत. उतरण्याआधी मल्ल मूठभर मीठ आखाड्यात उधळतो, त्याने जागा शुद्ध होते. कृष्णाकाठच्या लाल मातीत हळद, तेल, ताक आणि लिंबू मुरवलेले असते. दोन्ही परंपरा एकत्र आणल्यास लोणच्याला फक्त कैरी कमी पडेल.

खटका उडतो तो वेळेच्या बाबतीत. वरच्या श्रेणीतल्या मल्लांना एकमेकांकडे रोखून पाहणे, उठणे, पुन्हा मीठ उधळणे, पुन्हा बसणे यांसाठी चार मिनिटे दिलेली असतात आणि कुस्ती कित्येकदा चार सेकंदांत संपते. कुंडलच्या मैदानात अर्धा तास झुंजणारी जोड पाहिलेल्या प्रेक्षकाला वाटते की अजून सलामीच चालली आहे. तो चहा घ्यायला मान वळवतो आणि निकाल लागलेला असतो. पंचाचा थाट मात्र त्याला पटतो. सर्वांत वरच्या दर्जाचा सुमो पंच कमरेला कट्यार बाळगतो. निर्णय चुकला तर पोट फाडून घेण्याची तयारी आहे, असा तिचा अर्थ. आपल्या मैदानांत पंचाला अशी कट्यार देण्याची प्रथा नाही. ती जबाबदारी हरलेल्या मल्लाच्या गावाने घेतलेली असते. जिंकलेल्या मल्लाला पंच रोख रकमेची पाकिटे देतो, ती तो हाताने हवेत तीन रेघा मारून स्वीकारतो. इनामाचे पैसे न मोजता असे अदबीने घेणे पाहून जुने वस्ताद भारावतात. आणि सर्वोच्च पदाचा योकोझुना अनपेक्षितपणे हरला की आतापर्यंत शिस्तीत बसलेले जपानी प्रेक्षक बुडाखालच्या गाद्या काढून आखाड्याकडे भिरकावतात. तसे करू नका, असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. ज्याने मैदानात टोप्या आणि फेटे उडताना पाहिले आहेत, त्याला या क्षणी दुभाष्या लागत नाही.

तिसरा मार्ग सहल कंपनीचा आणि त्यावरचे मोठे ठाणे म्हणजे टोकियोतील गिन्झा भागातले काबुकीझा नाट्यगृह. ते १८८९ साली उभे राहिले. आगी, भूकंप आणि बाँबहल्ले सोसत पुन्हा पुन्हा बांधले गेले आणि आजची इमारत २०१३ची आहे. सांगलीचा माणूस येथे पाहुणा म्हणून येत नाही, भाऊबंद म्हणून येतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ सादर केले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून असे काही मराठीत करावे, ही आज्ञा सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांची. काबुकीचा आरंभ त्याच्या २४० वर्षे आधीचा मानतात. १६०३च्या सुमाराला ओकुनी नावाच्या बाईने क्योतोत कामो नदीच्या कोरड्या पात्रात नाच केला, तो लोकांना आवडला आणि सरकारला आवडला नाही. नाटकाच्या वाढीला या दोन्ही गोष्टी पोषक असतात.

भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणे, पात्रे भाषणे ऐन वेळी रचत आणि राक्षस आरोळ्या ठोकत, तलवारी परजत येत. या आरोळ्यांवरून पुढच्या काळातल्या सुशिक्षितांनी अशा नाटकांना ‘अललडुर्र’ असे नाव पाडले आणि नाक मुरडले. काबुकीतही नेमका हाच माल आहे. तेथे त्याला आरागोतो म्हणतात आणि त्याच्यापुढे हात जोडतात. पहिला इचिकावा दान्जुरो हा या शैलीचा जनक. चेहऱ्यावर जाड रेघा ओढलेल्या, नायकाला तांबड्या आणि खलपुरुषाला निळ्या. अचाट ताकदीचा नायक पाय आपटत येतो, डोळे तिरळे करून एका पवित्र्यात थिजतो, बाजूला एक माणूस लाकडी ठोकळे फळीवर बडवतो आणि प्रेक्षक धन्य होतात. या पहिल्या दान्जुरोला १७०४ साली एका सहनटाने रंगमंचावरच भोसकून ठार केले. मराठी नाटक मंडळ्यांतली भांडणे फाटाफुटीवर आणि कोर्टात मिटली, ही आपल्या रंगभूमीची सभ्यता समजली पाहिजे. दान्जुरो हे नाव मात्र मेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या समारंभपूर्वक दिले जाते आणि २०२२ पासून तेरावा दान्जुरो ते चालवत आहे.

१६२९ साली जपानी सरकारने स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली आणि स्त्रीभूमिका पुरुषांकडे गेल्या. आपल्याकडे फर्मान काढावे लागले नाही. समाजाने ते काम बिनपगारी केले. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला काबुकीत ओन्नागाता म्हणतात. यातल्या थोर नटांविषयी जपानी माणूस बोलू लागला की सांगलीकर त्याला शांतपणे पुरे करू देतो आणि मग नागठाण्याचे नाव काढतो. कृष्णाकाठच्या या गावात १८८८ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, जन्मले. १९०५ साली मिरजेत किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर ते शकुंतला होऊन उभे राहिले आणि पुढची कित्येक वर्षे मराठी घरांतल्या स्त्रिया बालगंधर्व कसे नेसतात ते पाहून नेसू लागल्या. अठराव्या शतकातल्या एदो शहरात हेच घडले होते. दुसरा सेगावा किकुनोजो हा ओन्नागाता ज्या तपकिरी छटेचे वस्त्र वापरी, ती छटा त्याच्या नावाने विकली जाऊ लागली आणि बायकांनी ती उचलली. पुरुषाने बाईचे सोंग घ्यायचे आणि बायकांनी त्या सोंगाचे, हा व्यवहार दोन्ही देशांत विनातक्रार पार पडला.

प्रेक्षागृहातही सांगलीकराला परके वाटत नाही. खेळ मध्यंतरे धरून चार तासांचा असतो आणि मध्यंतरात आपल्या खुर्चीवर डबा उघडून जेवण्याची रीत आहे. एका आसनावर नाजूक काड्यांनी भाताचे गोळे उचलले जात असतात आणि शेजारच्या आसनावर भडंगाची पिशवी सुटते. भडंग खाताना आवाज होणे अटळ आहे. जपानी सौजन्य तो ऐकू न आल्याचे दाखवते. ऐन रंगात आलेल्या क्षणी वरच्या मजल्यावरचे दर्दी प्रेक्षक नटाच्या घराण्याचे नाव मोठ्याने पुकारतात. दान्जुरोच्या घराण्यासाठी ‘नारितया!’ अशी हाळी येते. ती कधी द्यायची याचे शास्त्र आहे आणि अर्ध्या श्वासाचीही चूक खपत नाही. आपल्या ‘वन्स मोअर’ला असे शास्त्र नव्हते; म्हणून तर बालगंधर्वांची नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. जपानी गावांतल्या हौशी काबुकीत प्रेक्षक कागदात गुंडाळलेली नाणी रंगमंचावर टाकतात. तमाशातली दौलतजादा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटते ते फक्त कागदाच्या नीटनेटक्या घडीचे.

फिरत्या रंगमंचाचे श्रेय मात्र निमूटपणे जपानला द्यावे लागते. १७५८ साली ओसाकात नामिकी शोझो या नाटककाराने तो काबुकीत आणला आणि तळघरातली माणसे तो हातांनी ढकलत. मराठी प्रेक्षकाला त्याची चटक लावली १९६२ सालच्या आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ने. प्रभाकर पणशीकर रंगमंचाच्या एका फेरीत एक माणूस असत आणि दुसऱ्या फेरीत दुसराच. ओसाका ते या नाटकातली निपाणी हे अंतर तंत्रज्ञानाने दोनशे चार वर्षांत कापले.

नो नाटकापुढे मात्र कृष्णाकाठचा आत्मविश्वास हलतो. ही काबुकीहून जुनी, सहाशे वर्षांची परंपरा. मुखवटा घातलेला नट पाऊल न उचलता सरकत येतो आणि तो खांबापाशी पोचेपर्यंत मिरजेची बस सांगलीला पोचलेली असते. अशा वेळी डुलकी लागते. चोरटेपणाने आजूबाजूला पाहिल्यावर कळते की जाणकार जपानी रसिकही डुलक्या घेत आहेत आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या रात्रभराच्या मैफली ऐकलेल्यांना धीर येतो. जागेपण आणि रसिकता यांचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नाही.

ओसाकाचे बुन्राकू हे बाहुल्यांचे नाट्य त्या मानाने खडखडीत जागे ठेवते. निम्म्या माणसाएवढी एक बाहुली चालवायला तीन माणसे लागतात. मुख्य चालक डोके आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. शिकण्याचा रिवाज असा की पायांची दहा वर्षे, डाव्या हाताची दहा वर्षे आणि मग डोक्याला हात लावायचा. नोकरीत बढतीसाठी थांबलेल्या कोणालाही हा क्रम अन्यायकारक वाटत नाही. शेजारी शामिसेनच्या साथीवर एकच गायक राजा, राणी, नोकर आणि निवेदक अशा सर्वांचे आवाज काढतो. भाव्यांचा सूत्रधार याहून फार निराळे काही करत नव्हता. खुद्द भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या पुढे खेळाविना पडून राहिल्या आणि कालांतराने बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा उभ्या केल्या. ओसाकात बाहुल्यांसाठी १९८४ पासून राष्ट्रीय नाट्यगृह आहे. आपल्याकडे एक पाध्ये होते.

चहाच्या विधीचे नियम सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी बसवले. चहाघराचे दार इतके ठेंगणे की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून रांगत आत यावे लागे. आत चटईवर पाय मुडपून बसायचे. पूर्ण विधीला चार तासांपर्यंत वेळ लागतो. गोड पदार्थ आधी मिळतो, मग बांबूच्या कुंचल्याने घुसळलेला हिरवागार चहा. वाडगा हातात फिरवून त्याची दर्शनी बाजू ओठांपासून दूर न्यायची, मग प्यायचे, मग वाडग्याची स्तुती करायची. रिक्यूंना त्यांच्याच आश्रयदात्या हिदेयोशीने १५९१ साली आत्महत्येची आज्ञा दिली. त्यामागचे कारण इतिहासकार अजून शोधत आहेत. सातारच्या स्टँडवर चहा पिणाऱ्याला ते चार तासांत मिळते.

अडचणी दोन. पहिली गुडघ्यांची. जेवणानंतर वज्रासन घालणारे पहिली दहा मिनिटे इतरांकडे दयेने पाहतात. अकराव्या मिनिटाला औंधच्या पंतप्रतिनिधींनी साऱ्या संस्थानाला सूर्यनमस्कार का घालायला लावले ते समजते. दुसरी अडचण चवीची. साखर नाही, दूध नाही, आले नाही. तोंड कडू झाल्याचे दिसू न देण्याची कसोटी असते. परंतु शेवटच्या घोटाला सारे भरून निघते. तो घोट आवाज करून ओढायचा असतो. चहा संपल्याची आणि आवडल्याची ती पोच. बशीत ओतून फुर्रकन पिण्याबद्दल ज्यांनी जन्मभर सुनांची बोलणी खाल्ली, त्यांना क्योतोत, चारशे वर्षांच्या परंपरेच्या साक्षीने न्याय मिळतो.

गणपतीची भेट कार्यक्रमपत्रिकेत नसते, ती मागून घ्यावी लागते. जपानमध्ये गणपतीला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे तेथे गेला. बहुधा तो जोडीने असतो : हत्तीच्या मस्तकाच्या दोन आकृती, एकमेकींना आलिंगन दिलेल्या. मूर्ती गुप्त ठेवतात, भक्तालाही दाखवत नाहीत. वाईच्या ढोल्या गणपतीसमोर वाढलेल्या माणसाला हे कळत नाही. ज्याच्या आकारावरूनच नाव पडले, तो देव पेटीत मावतो कसा? तासगावकर तर आणखी बुचकळ्यात पडतात. त्यांच्याकडे ऋषिपंचमीला उंच रथ दोरांनी ओढत गणपती गावभर मिरवतात. दर्शन झाले नाही अशी तक्रार कोणालाच करता येत नाही. टोकियोत आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा देवळात नैवेद्याला पांढरे मुळे असतात. दुर्वा नाहीत, जास्वंद नाही, मुळा. सोबतच्या काकूंचे डोळे भरून येतात, ते भक्तीने की मुळ्याने हे सांगता येत नाही. मोदकाची उणीव क्योतोत भरून निघते. तेथे कांगितेनसाठी घडवलेली एक जुनी मिठाई अजून मिळते : वर चुण्या पाडलेली पिठाची पुरचुंडी, आत कडधान्याचे मसालेदार पुरण, तिळाच्या तेलात तळलेली. कळ्या किती पाडल्या ते काकू मोजतात. आठ. घरी अकराच्या आत मोदकाला मोदक धरत नाहीत.

चेरीच्या बहराला जपानात सरकारी दर्जा आहे. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुले उमलली की हवामान खाते बहर सुरू झाल्याची अधिकृत घोषणा करते. त्यानंतर बागांमध्ये गर्दी उसळते. कार्यालयातला सर्वांत कनिष्ठ कर्मचारी पहाटे जाऊन झाडाखाली निळे प्लास्टिक अंथरतो आणि संध्याकाळी साहेब येईपर्यंत ती जागा राखतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आसन धरणाऱ्यांना यात शिकण्यासारखे काही नाही. सातारकरांना कौतुक वाटते ते झाडाखाली बसू देतात याचे. कासच्या पठारावर, जे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात मोडते, फुले घोट्याएवढी आणि माणसे पुरुषभर. तेथे बसणे म्हणजे बहर संपवणे. म्हणून कासला आधी नोंदणी करून जायचे, वाटेवरून चालायचे आणि पाय कुठे पडतो ते पाहायचे. जपानी शिस्तीचे गोडवे गाणारी बरीच मंडळी हीच शिस्त कासला वनखात्याचा जाच म्हणून सोसून आलेली असतात.

फुजी ३,७७६ मीटर उंच आहे आणि वर्षातले बरेच दिवस ढगात असतो. त्याच्यासाठी पैसे भरून आलेले जगभरचे लोक हळहळतात. सातारकर हळहळत नाही. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या प्रत्येक पॉइंटवर उभे राहून धुके पाहण्याचा आणि समोर काय असते ते पाहुण्यांना हातवारे करून सांगण्याचा त्याला पिढीजात सराव असतो. फुजी दिसला तरी प्रश्न सुटतोच असे नाही. फुजीकावागुचिको या गावात एका किरकोळ दुकानामागे डोंगर फार देखणा दिसतो, म्हणून छायाचित्र काढणाऱ्यांनी रस्ता अडवून टाकला. २०२४ मध्ये गावाच्या प्रशासनाने तेथे २० मीटर लांब आणि अडीच मीटर उंच काळा पडदा लावला. त्या पडद्याला लोकांनी लगेच भोके पाडली. तेथे जमलेली गर्दी जगभरची असल्यामुळे या कृत्याचे श्रेय एकट्या कृष्णाकाठाला घेता येत नाही.

ज्यांना इतका खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जवळचा जपान पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. ओकायामाच्या कोराकुएन उद्यानावर बेतलेली ही बाग आहे : वळणारे पाणी, लाकडी पूल, कातरलेली हिरवळ. तिला नाव दिले आहे पु. ल. देशपांडे यांचे, ज्यांनी ‘पूर्वरंग’ लिहून मराठी वाचकाला पूर्वेकडचा जपान घरबसल्या दाखवला. वाचनालयातल्या प्रतीवरून जपान पाहिलेल्यांची संख्या विमानाने पाहिलेल्यांपेक्षा आजही जास्त असावी आणि त्यांपैकी कोणालाही गुडघ्यांचा त्रास झालेला नाही.

एवढे सगळे ‘आपल्याकडं पण असतंय’, तर जपानकडे वेगळे काय आहे? वेगळी आहे ती पुढची तजवीज. १९५० साली जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्याखाली कलेच्या जाणकार माणसालाच ठेवा मानले. पुढच्या काळात काबुकीचे नट, बुन्राकूचे बाहुली चालवणारे, कुंभार, विणकर यांना सरकार तो मान आणि त्याबरोबर वार्षिक अनुदान देऊ लागले. अट अशी की विद्या पुढच्याला शिकवायची. बाहुलीचे पाय दहा वर्षे धरायला तरुण मिळतो तो यामुळे. आपल्याकडे कलावंत मोठा झाला की त्याचा सत्कार होतो, शाल आणि नारळ दिला जातो आणि मानधनाची फाइल पुढे पाठवली जाते. नारळ लगेच मिळतो.

प्रवास पुरा होतो तो परतल्यावर, महिला मंडळात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात ‘मी पाहिलेला जपान’ या व्याख्यानाने. वक्ता सहलीचा टी-शर्ट किंवा क्योतोहून आणलेला सुती किमोनो घालून उभा राहतो. पडद्यावर छायाचित्रे सरकतात. त्यांत फुजी थोडा आणि सहप्रवासी पुष्कळ असतात. बुलेट ट्रेनची वेळ, रस्त्यावरची स्वच्छता आणि स्वच्छतागृहातली बटणे यांवर प्रत्येकी दहा मिनिटे खर्च होतात. मग प्रश्नोत्तरे. पहिला प्रश्न एकूण खर्च किती आला, हा. दुसरा, शाकाहारी मिळते का. तिसरा, आमच्या वयाच्यांना झेपेल का. काबुकीविषयीचा प्रश्न वक्त्याने तयार ठेवलेला असतो, पण तो कोणी विचारत नाही. तेवढ्यात अध्यक्ष आभार मानतात आणि वक्त्याला शाल व नारळ देतात.